कार्थेजच्या तुरुंगातील रोजनिशी

श्रोतेहो, पहिल्या तीन शतकांतील ख्रिस्ती रक्तसाक्ष्यांची, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्यांची, जी चरित्रे आपल्यापर्यंत पोहोचली आहेत, त्यांतील पुष्कळशी इतरांनी, आणि तीही त्या संतांच्या मृत्यूनंतर बराच काळ लोटल्यावर लिहिलेली आहेत. भक्तीच्या भरात लिहिणाऱ्याच्या हातून संत मोठा होत जातो आणि माणूस मागे पडतो, हे संतचरित्रे वाचत आलेल्या मराठी श्रोत्यांना वेगळे सांगायला नको. म्हणूनच आज मी अशा एका स्त्रीविषयी बोलणार आहे, जिने मृत्यूच्या आदल्या दिवसापर्यंतची आपली हकीगत स्वतः लिहून ठेवली.

तिचे नाव विबिया पर्पेतुआ. साल इसवी सन 203, गाव कार्थेज, म्हणजे आजच्या ट्युनिस शहराला लागून असलेले रोमन आफ्रिकेचे मुख्य नगर. वय सुमारे 22 वर्षे, घराणे प्रतिष्ठित, शिक्षण उत्तम, लग्न झालेले आणि पदरात अंगावर पिणारा मुलगा. बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्या काही तरुणांना पकडण्यात आले, त्यांत ती होती आणि रेवोकातुस व फेलिसितास हे दोन गुलामही होते. त्यांचा शिक्षक सातुरुस पकडापकडीच्या वेळी तिथे नव्हता. त्याने मागाहून स्वतःला स्वाधीन केले.

इथे त्या काळचा कायदा लक्षात घेतला पाहिजे, नाहीतर पुढचे कळणार नाही. सम्राट ट्रेजनने इसवी सन 112 च्या सुमारास आपल्या एका सुभेदाराला कळवले होते की ख्रिस्ती लोकांना हुडकून काढू नये, मात्र कोणी आरोप केला आणि तो सिद्ध झाला तर शिक्षा द्यावी, आणि आरोपीने ख्रिस्ती असल्याचे नाकारून देवतांची पूजा केली तर त्याला सोडून द्यावे. म्हणजे सुटका एका शब्दावर होती. चोराने ‘मी चोर नाही’ म्हटल्याने तो सुटत नाही, ख्रिस्ती माणूस मात्र सुटत असे. पर्पेतुआच्या वडिलांची सारी धडपड त्या एका शब्दासाठी होती.

ते पहिल्यांदा भेटायला आले तेव्हा तिने समोर पडलेल्या पाण्याच्या भांड्याकडे बोट दाखवले. या भांड्याला भांडे सोडून दुसरे काही म्हणता येईल का, असे तिने विचारले. ते नाही म्हणाले. तशीच मीही जे आहे त्याहून वेगळे स्वतःला म्हणवू शकत नाही, मी ख्रिस्ती आहे, असे ती म्हणाली. त्यावर वडील जणू तिचे डोळेच उपटून काढतील अशा आवेशाने अंगावर धावून गेले. काही दिवस ते आले नाहीत, आणि त्यामुळे आपल्याला बरे वाटले, हेही तिने सरळ लिहून ठेवले आहे. भक्तिभावाने चरित्र लिहिणाऱ्याने हे वाक्य बहुधा गाळले असते.

नंतर तिला तुरुंगात टाकले. असा काळोख मी कधी अनुभवला नव्हता, असे ती लिहिते. गर्दीमुळे होणारा उकाडा, शिपायांची दांडगाई आणि सगळ्यांत वाईट म्हणजे बाळाची काळजी. तेर्तियुस आणि पोम्पोनियुस या दोन डीकनांनी, म्हणजे चर्चच्या सेवकांनी, पहारेकऱ्यांना पैसे चारून कैद्यांना काही तास तुरुंगाच्या बऱ्या भागात नेण्याची सोय केली. भुकेने मलूल झालेल्या बाळाला तिथे तिने अंगावर पाजले. पुढे त्याला जवळ ठेवण्याची परवानगी मिळाली, तेव्हा तुरुंग मला एकाएकी राजवाड्यासारखा झाला, असे तिचे शब्द आहेत. श्रद्धेसाठी मरायला निघालेली ही स्त्री दूध, तहान आणि उकाडा यांविषयी इतके लिहिते, आणि मला तिची थोरवी तिथेच दिसते.

चौकशीच्या आधी वडील पुन्हा आले. या वेळी राग नव्हता. तिचे हात चुंबीत ते तिच्या पायाशी पडले आणि तिला मुलगी न म्हणता ‘बाईसाहेब’ म्हणू लागले. भर चौकात हिलॅरियानस या अधिकाऱ्यापुढे सुनावणी झाली, तेव्हा ते बाळाला घेऊन पुढे आले. हिलॅरियानस म्हणाला, वडिलांच्या पांढऱ्या केसांकडे पाहा, या लेकराकडे पाहा, सम्राटांच्या कल्याणासाठी बळी अर्पण कर. ती नाही म्हणाली. वडील तरीही गळ घालत राहिले, तेव्हा त्यांना छडीने मारून हाकलण्यात आले. तो मार जणू मलाच बसला, असे ती लिहिते. सर्वांना वन्य पशूंपुढे टाकण्याची शिक्षा झाली. पुढे बाळही वडिलांनी परत दिले नाही. पुष्कळ प्रवचनांतून या बापाला सैतानाचा हस्तक ठरवले गेले आहे, आणि स्वतः पर्पेतुआनेही त्याच्या युक्तिवादाला एकदा सैतानाचे म्हटले आहे. पण तिने त्याचे म्हातारपण, त्याने उपटलेली स्वतःची दाढी, त्याची केविलवाणी अवस्था ज्या मायेने टिपली आहे, ती पाहता तिच्या लेखणीने त्याला दिलेला न्याय आपण हिरावून घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

तुरुंगात तिला दर्शने झाली. शस्त्रे लावलेल्या पितळी शिडीचे दर्शन प्रसिद्ध आहे. मला अधिक मोलाचे वाटते ते दिनोक्रातेसचे. हा तिचा भाऊ सातव्या वर्षी चेहऱ्यावरच्या भयंकर रोगाने गेला होता. प्रार्थना करताना अचानक त्याचे नाव तिच्या तोंडून निघाले, आणि त्याच रात्री तो तिला दिसला: अंधारातून येणारा, तहानलेला, तोंडावर तीच जखम, आणि समोर पाण्याने भरलेले कुंड, पण त्याचा काठ पोराच्या उंचीपेक्षा उंच. तिने रात्रंदिवस त्याच्यासाठी प्रार्थना केली. काही दिवसांनी पुन्हा दर्शन झाले तेव्हा काठ त्याच्या कमरेइतका खाली आला होता, जखमेच्या जागी नुसता व्रण होता, आणि पोटभर पाणी पिऊन तो मुलांसारखा खेळायला निघून गेला. मृतांसाठी प्रार्थना करण्याच्या ख्रिस्ती परंपरेचा हा अगदी आरंभीचा पुरावा आहे. पाचव्या शतकात याच प्रसंगावरून बाप्तिस्मा न झालेल्या मुलांच्या गतीविषयी वाद उभा राहिला, तेव्हा संत ऑगस्टीनला बजावावे लागले की हा ग्रंथ पवित्र शास्त्राचा भाग नव्हे, आणि त्या मुलाचा बाप्तिस्मा झालेलाही असू शकेल. ऑगस्टीनसारख्या धर्मपंडिताला एका तरुण आईच्या रोजनिशीची अशी दखल घ्यावी लागली.

रिंगणात काय घडेल ते ज्याला वाटेल त्याने लिहावे, असे म्हणून ती थांबते. पुढचा बराचसा भाग एका अनामिक संपादकाचा आहे, आणि फेलिसितासची हकीगत तेवढ्यातच सापडते. ती आठ महिन्यांची गरोदर होती. गरोदर स्त्रीला मृत्युदंड देत नसत, त्यामुळे सोबत्यांबरोबर मरण येणार नाही याचे तिला दुःख होते. प्रार्थनेनंतर तिला कळा सुरू झाल्या. तिचे कण्हणे ऐकून एक पहारेकरी म्हणाला, आत्ताच ही गत, तर पशूंपुढे काय करशील? ती म्हणाली, आत्ताचे दुःख माझे मी सोसते आहे. तिथे माझ्यात दुसरा कोणी असेल, तो माझ्यासाठी सोसेल. तिला मुलगी झाली आणि एका ख्रिस्ती स्त्रीने ती वाढवली.

7 मार्चला, सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसचा मुलगा गेटा याच्या वाढदिवसाच्या खेळांत, दोघींना एका उन्मत्त गायीपुढे सोडण्यात आले. गायीने उडवल्यावर पर्पेतुआने फाटलेला अंगरखा मांडीवर ओढून घेतला, विस्कटलेले केस शोकाचे चिन्ह ठरू नयेत म्हणून ते पिनेने नीट केले, आणि खाली पडलेल्या फेलिसितासला हात देऊन उठवले. उच्चकुलीन स्त्रीने गुलाम स्त्रीला हात दिला, आणि दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. शेवटी नवशिक्या ग्लॅडिएटरचा थरथरणारा हात तिने स्वतः आपल्या गळ्याशी नेला, असे संपादक सांगतो.

इसवी सन 211 मध्ये गेटाचा त्याच्या भावाने खून करवला आणि त्याचे नाव शिलालेखांतून खरवडून काढण्यात आले. या वृत्तांतात मात्र ते शिल्लक आहे, आणि मजकूर घटनेच्या जवळपासच लिहिला गेला असावा या मताला त्यामुळे बळ मिळते.

मिस्सेच्या, म्हणजे कॅथलिक उपासनाविधीच्या, जुन्या रोमन महाप्रार्थनेत संतांची जी यादी आहे, तीत ही दोन नावे आजही आहेत, आणि त्यात गुलाम फेलिसितासचे नाव पर्पेतुआच्या आधी येते. सध्याच्या मिस्सा-ग्रंथात ती कंसात छापली आहेत, म्हणजे धर्मगुरूला वाटल्यास वगळता येतात. वसईच्या आणि गोव्याच्या धर्मगुरूंना माझी विनंती आहे की निदान 7 मार्चला ती वगळू नयेत, आणि प्रवचनात या रोजनिशीतले दोन उतारे वाचून दाखवावेत.