ही गोळी दुखण्याची, की डिप्रेशनची?

मधुमेहाने पायांच्या नसा खराब झाल्या की रात्री पांघरूणही नकोसं होतं. कापड नुसतं लागलं तरी तळव्यांची आग आग होते. डॉक्टर झोपताना घ्यायला एक छोटी गोळी देतात. अ‍ॅमिट्रिप्टिलिन, १० मिलिग्रॅम. रुग्ण घरी येऊन पाकिटातला घडीचा कागद उलगडतो आणि वाचतो: नैराश्यावरील औषध. 'म्हणजे माझं दुखणं डॉक्टरांना खोटं वाटलं?' गोळ्या तशाच पडून राहतात.

दुखणं खरं आहे, आणि औषधही बरोबर आहे.

ही गोळी ज्या औषधांच्या गटातली, त्या गटाला ट्रायसायक्लिक म्हणतात, कारण रेणूत तीन कडी एकमेकांना जोडलेली असतात. पहिलं औषध इमिप्रमिन. स्वित्झर्लंडमध्ये म्युन्स्टरलिंगेनच्या मनोरुग्णालयात रोलंड कून यांनी ते आधी स्किझोफ्रेनियावर वापरून पाहिलं. उपयोग झाला नाही. मग नैराश्याच्या रुग्णांना दिलं, आणि गप्प पडून असलेली माणसं उठून बोलू लागली. १९५७ मध्ये कून यांनी हे प्रसिद्ध केलं. त्यांच्या चाचण्यांत अनेक रुग्णांची संमतीच घेतलेली नव्हती, हे पुढे चौकशीत उघड झालं. तेही सांगायलाच हवं.

चेतापेशी एकमेकींना निरोप देतात तो रसायनांतून. काम झालं की सेरोटोनिन आणि नॉरएड्रेनॅलिन ही रसायनं पेशी परत ओढून घेते. ही औषधं ते ओढणं अडवतात. आता खरी गंमत इथे आहे: मेंदूतून मज्जारज्जूत उतरून वेदनेला आवर घालणारे तंतूही याच दोन रसायनांवर चालतात. म्हणून मन अगदी ठीक असलेल्या माणसाचीही नसांची आग कमी होऊ शकते. नागिणीनंतर रेंगाळणारं दुखणं, वारंवार उठणारी अर्धशिशी, यांवरही हीच गोळी देतात. ओसीडीवर, म्हणजे नको ते विचार आणि त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा होण्याच्या आजारावर, याच गटातलं क्लोमिप्रमिन.

नैराश्यासाठी मात्र आता बहुधा नवी औषधं आधी देतात, कारण ट्रायसायक्लिकचा जास्त डोस हृदयाची लय बिघडवून जीव घेऊ शकतो. घरात मुलं असतील तर गोळ्या कुलपातच ठेवा. काचबिंदू, प्रोस्टेट किंवा हृदयाचा त्रास असेल तर तो आधीच सांगा. वयस्कर माणसांनी अंथरुणातून एकदम उठू नये, चक्कर येते.

आराम पडायला काही आठवडे लागतात, तोंडाला कोरड मात्र सुरुवातीलाच पडते. उशाशी पाणी ठेवा. आणि गोळी बंद करायची झाली, तरी डॉक्टरांना विचारून, हळूहळू.