पिवळा दिवस आणि मटाराच्या शेंगा

नमस्कार ताईंनो. आज मला विषय दिलाय शिशुवर्गातल्या संकल्पनाधारित उपक्रमांचा. आपण वर्गात त्याला थीम म्हणतो, म्हणून मीही थीमच म्हणते. आठवड्याची आखणी कशी करायची ते सांगणार आहे. पण आधी एक प्रसंग सांगू द्या, तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

मी तेव्हा एका शाळेत छोट्या शिशूला शिकवत होते. फेब्रुवारीत 'यलो डे' ठरला. घरोघरी चिठ्ठ्या गेल्या, पिवळे कपडे घालून पाठवा. एक मुलगा निळा शर्ट घालून आला. त्याच्या आईला चिठ्ठी वाचता आली नव्हती. फोटोत सगळं पिवळं दिसलं पाहिजे, असं वरून सांगणं होतं. मी त्याला मागच्या रांगेत, दोन उंच मुलांच्या आड उभं केलं. दुसऱ्या कुणी नाही, मी केलं.

मग डबे उघडले. त्याच्या डब्यात कांदेपोहे होते. तो हात वर करून ओरडला, "बाई, माझं पण पिवळं आहे!" बोटंसुद्धा हळदीने पिवळी झालेली. शेजारची मुलगी म्हणाली, "पण ते माझ्या फ्रॉकसारखं नाहीये." दोघं फ्रॉकजवळ बोट धरून बघत बसली. मी मान वर केली तर तीस मुलांच्या अंगावर लिंबाचा पिवळा, झेंडूचा पिवळा, हापूसचा पिवळा, धुऊन धुऊन विटलेला पिवळा! आणि सकाळपासून आम्ही 'पिवळा, पिवळा' एवढंच घोकून घेत होतो. रंगाचा खरा पाठ त्या दोघांनी डब्यावर सुरू केला होता. तेवढ्यात घंटा झाली.

म्हणून माझा हट्ट आहे की थीम मुलाच्या घरात, अंगणात आधीपासून असलेली हवी. दुकानातून आणावी लागणारी नको. तुम्हाला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याबद्दल मी काय नव्याने सांगायचं! खेड्यातल्या आणि आदिवासी मुलांसाठी त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं, 1945 मध्ये बोर्डीला, मग 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. महागड्या साधनांच्या जागी शंखशिंपले, बिया, पानं, खडे आले. ती पानं आजही आपल्या दारात पडलेली आहेत आणि आपण फोमची पानं विकत आणतो, याचं मला फार वाईट वाटतं. पावसाळ्यात अळूचं एक पान वर्गात आणा, त्यावर पाण्याचा थेंब सोडा. मुलं अर्धा तास हलणार नाहीत.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं आहेत म्हणे. बरं, आता भराभर आखणी सांगते, लिहून घ्या.

जानेवारी, थीम मटार. पहिल्या दिवशी नुसती टोपली मधे ठेवायची आणि आपण गप्प बसायचं. मुलं हाताळतील, वास घेतील, शेंग मोडल्याचा आवाज ऐकतील. त्यांची वाक्यं वहीत टिपा, तुमचं भाषेचं काम तिथे झालं. दुसऱ्या दिवशी शेंगा आखूड ते लांब अशा क्रमाने लावायच्या. तिसऱ्या दिवशी सोलायच्या. सोलण्याआधी विचारायचं, आत किती दाणे असतील? मग मोजायचे. बोटांना जो व्यायाम होतो तो पुढे पेन्सिल धरायला उपयोगी पडतो, वेगळी वर्कशीट नको. शेंगेत अळी निघाली तर तो दिवस अळीचा, तुमची आखणी बाजूला ठेवा. चौथ्या दिवशी पेरणी. ओले कोवळे दाणे बहुधा कुजतात, म्हणून सुके वाटाणे रात्रभर भिजवून पेरा. शनिवारी उसळ. गाणी, गोष्टी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त येतात, ते सोडते.

एक फार महत्त्वाचं. तीन वर्षांची मुलं दाणा नाकात, कानात घालतात. पाच-सहा जणांचाच गट घ्या, ताई शेजारीच बसलेली हवी. दाणे मोजून द्या, मोजून परत घ्या.

आणि घरी चिठ्ठी पाठवू नका. शेंगा तुम्हीच बाजारातून आणा.