युद्धातून आलेला मतदार

मंडळी, युद्धाने होरपळलेला माणूस लोकशाहीला पाठमोरा होतो, असे आपण धरून चालतो. घर गेले, गाव गेले, सरकार वाचवू शकले नाही. मग त्याला मतपेटीचे काय? गेल्या दोन दशकांतले अभ्यास वेगळे सांगतात. ते दिलासा देणारे आहेत, पण अर्धाच.

उत्तर युगांडात लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी ही बंडखोर टोळी मुले पळवून नेत असे. अभ्यासक ख्रिस्तोफर ब्लॅटमन यांनी पळवलेल्या आणि न पळवलेल्या तरुणांची तुलना केली. अशा तुलनेत नेहमी एक अडचण येते. राजकारणात पुढे असलेल्यांनाच आधी लक्ष्य केले गेले असेल, तर नंतर ते सक्रिय दिसण्यात युद्धाचा वाटा किती, हे सांगता येत नाही. इथे मात्र बंडखोर रात्री वाटेत लागेल त्या घरात शिरत. घर कोणाचे, ऐपत किती, हे पाहत नसत. म्हणून या तुलनेला वजन आहे. पळवले गेलेल्यांत मतदानाचे प्रमाण सुमारे २७ टक्के-बिंदूंनी जास्त निघाले, आणि गावकीत पुढारपण करणारेही त्यांच्यात अधिक होते. सिएरा लिओनमध्येही युद्धाची झळ जास्त बसलेली कुटुंबे गावसभांना जास्त जाताना आढळली.

इथेच घाई होते. सहभाग वाढला म्हणजे लोकशाही मूल्ये रुजली, असा अर्थ लावला जातो आणि तो चूक आहे. १९४४ मध्ये स्टालिनच्या राजवटीने क्रिमिया द्वीपकल्पातल्या तातार या मुस्लिम समाजाला मध्य आशियात हद्दपार केले. २०१४ मध्ये नोम लुपू आणि लिओनिद पेसाखिन या संशोधकांनी त्यांच्या तीन पिढ्यांच्या मुलाखती घेतल्या. ज्यांच्या आजीआजोबांनी जास्त सोसले, ती नातवंडे राजकारणात जास्त भाग घेत होती. पण आपल्या समाजाशी त्यांची बांधिलकीही अधिक घट्ट होती आणि रशियाबद्दलचा राग अधिक तीव्र. एकी वाढते ती बहुधा आपल्यांत. परक्यांपर्यंत ती आपोआप पोहोचत नाही. त्या लोकांना दोष देण्याचे काहीच कारण नाही. संकटात जे धावून आले त्यांच्यावर माणूस विश्वास टाकणारच. पण लोकशाहीला परक्यावरही थोडा विश्वास लागतो.

म्हणून पाहणीत ‘लोकशाही हवी का?’ एवढेच विचारून भागत नाही. जवळपास सगळेच हो म्हणतात. नावडत्या गटाला सभा घेऊ द्यावी का, न्यायालयाने सरकारला अडवावे का, संसदेला न जुमानणारा नेता चालेल का, असे वेगवेगळे प्रश्न लागतात. नमुनाही तपासावा लागतो. युक्रेनमध्ये फेब्रुवारी २०२२ मधल्या रशियाच्या हल्ल्यानंतर पाहण्या प्रामुख्याने फोनवर होऊ लागल्या. त्यातून देश सोडून गेलेले लाखो लोक आणि रशियाच्या ताब्यात गेलेल्या प्रदेशातले रहिवासी बहुतांशी सुटतात. त्या वर्षी मे महिन्यात अध्यक्षांवर विश्वास ठेवणारे ९० टक्क्यांच्या घरात होते, पुढे तो आकडा उतरला. हल्ला झाला की लोक नेत्यामागे उभे राहतात. ती लाट आहे, तिला मूल्यबदल म्हणू नये.

आता नियमांकडे वळतो, कारण विस्थापिताला लोकशाहीचा खरा अनुभव मतदारयादीपाशीच येतो. २०१४ नंतर दोनेत्स्क आणि लुहान्स्क या पूर्व युक्रेनच्या युद्धग्रस्त भागांतून निघालेल्यांचा नोंदणीचा पत्ता जुन्याच गावी राहिला. अध्यक्षपदासाठी आणि संसदेच्या निवडणुकीत पक्षाच्या यादीसाठी ते मत देऊ शकत होते, पण नव्या गावच्या नगरपालिकेसाठी नाही. मुलांची शाळा, पाणी, बस ज्या पालिकेच्या हाती, तिच्यावर त्यांचा काडीचा अधिकार नव्हता. २०२० च्या स्थानिक निवडणुकांपूर्वी नियम बदलला आणि अर्ज करून मतदानाचा पत्ता बदलता येऊ लागला.

पण अशी सूट उलटूही शकते. बोस्नियात १९९६ मध्ये, युद्ध संपल्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत, पुढे जिथे राहायचा इरादा आहे तिथे मत नोंदवण्याची मुभा होती. तिचा वापर करून विस्थापितांना, ज्या गावांतून दुसऱ्या वंशाच्या लोकांना हाकलले होते तिथेच मतदार म्हणून नोंदवण्यात आले, हकालपट्टीवर शिक्का बसावा म्हणून. नगरपालिकांच्या निवडणुका पुढच्या वर्षावर ढकलाव्या लागल्या. मोकळीक आणि पडताळणी दोन्ही एकाच नियमात बसवावे लागते.

कोलंबियाने २०२२ च्या निवडणुकीत युद्धपीडितांसाठी प्रतिनिधिगृहात १६ जागा ठेवल्या. उमेदवार पीडितच हवा आणि संसदेतल्या पक्षांना उमेदवार देता येणार नाही, या अटी चांगल्या होत्या. मतदान मात्र युद्धाची झळ बसलेल्या तालुक्यांच्या ग्रामीण केंद्रांवरच ठेवले, मुख्य गाव वगळून. हिंसेतून जीव वाचवायला जे त्या गावात येऊन राहिले होते, त्यांना मत द्यायचे तर पुन्हा रानवाटेने परत जावे लागले, आणि त्या वाटांवर सशस्त्र टोळ्या तेव्हाही होत्याच.