बोअरचं पाणी उकळलं, म्हणजे झालं का?

नमस्कार मंडळी. बोअरच्या पाण्यावर व्हिडिओ करा म्हणून महिनाभर मागे लागलाय तुम्ही, तर आज बसलोच.

जंतूंचं पटकन सांगतो. पाणी चार पदरी सुती कापडातून गाळा, मेडिक्लोर, म्हणजे जंतू मारणारं क्लोरीनचं औषध, बाटलीवर लिहिलंय तेवढंच टाका, झाकून अर्धा तास थांबा. नाहीतर आपलं सोलापूरचं ऊन आहेच. पारदर्शक बाटलीत नितळ पाणी भरून सहा तास पत्र्यावर आडवी ठेवा. आभाळ भरलेलं असेल तर दोन दिवस.

आता नायट्रेट. "दादा, आम्ही उकळून पितो," ही कमेंट रोज येते. अहो, उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही! उसाला टाकलेला युरिया, उकिरडा, शोषखड्डा, यातून ते खाली मुरतं आणि पाण्यात विरघळतं. आमटी आटली की खारट होते ना? मीठ तेवढंच, पाणी कमी. इथंही तेच होतं.

एकानं लिहिलं, पातेल्याला पांढरा थर बसतो म्हणजे क्षार निघाले. तो थर चुन्याचा. नायट्रेट पाण्यातच राहतं. तुरटीनंही जात नाही, तुरटी गढूळपणा खाली बसवते.

मोहोळकडं माझ्या मावशीचं बोअर उसाच्या बांधालाच आहे. पाणी काचेसारखं, चवीला गोड. तपासून घेतलं तर नायट्रेट लिटरला 78 मिलिग्रॅम. मर्यादा 45 आहे. आणि घरात तीन महिन्यांचं बाळ, त्याच्या दुधाची पावडर सूनबाई त्याच पाण्यात कालवत होती, वीस-वीस मिनिटं उकळून! पोटात गोळा आला माझ्या. सहा महिन्यांखालच्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद नायट्रेटनं कमी होते, अंग निळसर पडतं. किती मायेनं उकळत होती ती पोरगी. कुणी सांगितलंच नव्हतं तिला.

म्हणून आधी तपासणी. ग्रामपंचायतीत फील्ड टेस्ट किटची चौकशी करा, किंवा भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. नायट्रेट जास्त निघालं तर फक्त पिण्यापुरतं पाणी बदला: आरओचं, किंवा पहिल्या सरी सोडून धरलेलं पत्र्यावरचं पावसाचं, तेही गाळून, मेडिक्लोर टाकून. धुण्याभांड्याला बोअर चालतं, सगळ्या घराला आरओ लावायचा खर्च कशाला? आणि गावात पाण्याचं एटीएम असेल तर तिथलाही तपासणी अहवाल मागा. लाजू नका.

मावशीनं आता पिण्याच्या घागरीला लाल दोरा बांधलाय. बाळाचं दूध त्याच घागरीतल्या पाण्यात.