आधी अर्पणपत्रिका पाहा

नमस्कार श्रोतेहो. कांट, हुसर्ल, हायडेगर, लेव्हिनास अशा युरोपीय तत्त्वज्ञांची पुस्तकं तुम्ही जमवत असाल, तर एक विनंती. पहिल्या प्रकरणाची घाई नको. हातातली आवृत्ती कुठल्या सालची आहे, ते बघा आणि अर्पणपत्रिका वाचा.

हायडेगरचा ‘बीइंग अँड टाइम’ हा ग्रंथ १९२७ साली निघाला, तेव्हा तो त्यानं आपला गुरू एडमंड हुसर्ल याला अर्पण केला होता. हुसर्ल जन्मानं ज्यू. १९३३ मध्ये हायडेगर फ्रायबर्ग विद्यापीठाचा रेक्टर म्हणजे प्रमुख झाला आणि नाझी पक्षातही गेला. पुढं १९४१च्या आवृत्तीतून ती अर्पणपत्रिका नाहीशी झाली! आतल्या तळटिपेत गुरूचे आभार तेवढे राहिले. प्रकाशकाला ग्रंथावर बंदी येण्याची भीती होती, असं हायडेगरनं नंतर सांगितलं. असेलही. पण ज्या माणसानं सच्चेपणानं जगण्यावर इतकी पानं लिहिली, त्याच्याकडून हा खुलासा मला तोकडा वाटतो. म्हणून ग्रंथ टाकून द्यावा का? मुळीच नाही. हे माहीत ठेवून वाचावा.

हुसर्ल १९३८ मध्ये वारला. त्याची लघुलिपीतली सुमारे ४०,००० पानं व्हान ब्रेडा नावाच्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूनं जर्मनीबाहेर काढून बेल्जियममधल्या लूव्हेनला नेली. आज हुसर्लचे जे जाडजूड खंड मिळतात, त्यांतले बरेचसे त्या कागदांतून आले.

जाता जाता कांटबद्दल. ‘क्रिटीक ऑफ प्युअर रीझन’ घेताना समासात ए आणि बी असे पृष्ठांक आहेत ना, हे तपासा. ते १७८१ आणि १७८७च्या आवृत्त्यांचे. भाष्यकार त्यांच्याच आधारे संदर्भ देतात.

आता लेव्हिनास. हा फ्रायबर्गला हुसर्ल आणि हायडेगर दोघांकडेही शिकला. महायुद्धात तो जर्मनांचा युद्धकैदी होता. लिथुआनियातले त्याचे आईवडील आणि भाऊ मारले गेले. १९७४चं ‘अदरवाइज दॅन बीइंग’ त्यानं नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंतल्या आपल्या निकटच्यांना आणि त्याच द्वेषाला बळी पडलेल्या सर्व धर्मांच्या, सर्व देशांच्या माणसांना अर्पण केलं. खाली हिब्रूत घरच्यांची नावं आहेत. समोरच्या माणसाची जबाबदारी आपण स्वीकारण्याआधीच आपल्यावर असते, हा त्याचा विचार त्यानंतर निव्वळ वर्गातला सिद्धान्त वाटत नाही.

ते पुस्तक मात्र फार अवघड. सुरुवात ‘एथिक्स अँड इन्फिनिटी’नं करा. फिलिप नेमोनं घेतलेल्या या मुलाखती १९८१ मध्ये फ्रेंच रेडिओवर झाल्या आणि पुढच्या वर्षी पुस्तकरूपानं आल्या. लेव्हिनास इथं श्रोत्यांसाठी बोलतो आहे, त्यामुळे पुष्कळच सोपा वाटतो.