नाटकाच्या वाटेवरची चित्रं

(दृश्य: जंगली महाराज रस्ता, सकाळ. रंगमंदिराची दर्शनी बाजू.)

पुण्यात संभाजी उद्यानाला लागून असलेलं हे बालगंधर्व रंगमंदिर. इथं माणसं येतात ती नाटकाला, लावणीला, गाण्याच्या कार्यक्रमाला, नातवंडांच्या गॅदरिंगला. चित्रं बघायची म्हणून घरातून निघालेली त्यांत थोडीच. तरी या वास्तूत येणाऱ्याच्या वाटेवर चित्र येतंच.

(दृश्य: दोन तैलचित्रं. कॅमेरा एकावरून दुसऱ्याकडे.)

ही ती दोन चित्रं. एकात पुरुषवेशातले नारायण श्रीपाद राजहंस, दुसऱ्यात स्त्रीभूमिकेतले बालगंधर्व. माणूस एकच. घाईत आलेला प्रेक्षकही इथं मान वळवतो आणि एका चेहऱ्यात दुसरा शोधायला लागतो.

चित्रकार आहेत गोपाळ देऊसकर. जन्म १९११चा, अहमदनगरचा. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले, मग लंडनच्या रॉयल अकादमीत. पुण्यातल्या टिळक स्मारक मंदिरात लोकमान्यांच्या आयुष्यावरचं भव्य चित्र आहे, तेही त्यांचंच. म्हणजे या शहरातल्या दोन नाट्यगृहांत त्यांचा कुंचला आजही रोज हजर असतो. तिकीट नाटकाचं असतं, चित्र त्यासोबत मिळतं.

या रंगमंदिराची कोनशिला बसवली ती खुद्द बालगंधर्वांनी, ८ ऑक्टोबर १९६२ रोजी. वास्तू कशी असावी यात पु. ल. देशपांडे यांनी मनापासून लक्ष घातलं. १५ जुलै १९६७ला बालगंधर्व गेले आणि पुढच्या वर्षी २६ जूनला, त्यांच्या ऐंशिव्या जयंतीला, रंगमंदिर सुरू झालं. याच आवारात महापालिकेनं कलादालनही ठेवलं. रंगभूमीच्या घरात चित्रकाराला खोली असावी, हे तेव्हा ज्यांना सुचलं त्यांनी आपली परंपरा बरोबर ओळखली होती.

(दृश्य: जुन्या नाटकमंडळ्यांची छायाचित्रं. रंगवलेले पडदे.)

कारण मराठी नाटकात चित्रकार फार आधीपासून आहे. तो रंगमंचावरच होता, नटांच्या पाठीमागे. राजवाड्याचा पडदा, जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा. कंपनी गावात आली की पडदे कसे आहेत याची चर्चा गाण्याइतकीच व्हायची. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी सिनेमाकडे वळण्याआधी नाटकांचे पडदे रंगवूनच नाव कमावलं. ललितकलादर्श या नाटक कंपनीसाठी पु. श्री. काळे यांनी पडदे आणि नेपथ्य केलं. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तर वेशभूषेपासून देखाव्यापर्यंत डोळ्याला काय दिसतं यावर पैसा पाण्यासारखा खर्च व्हायचा. त्यांचं लुगडं नेसणं, दागिने घालणं, उभं राहणं पाहताना प्रेक्षकांना राजा रविवर्मा आठवायचा.

पडदा रंगवणं हे अंगमेहनतीचं काम. कापडाचे पट्टे शिवून एवढा मोठा पन्हा तयार करायचा. त्यावर खळीचा हात. ती वाळली की कोळशाने आखणी. पाण्यात कालवलेल्या रंगात, तो कापडाला धरून राहावा म्हणून, गरम सरस घालायचा. सरस कमी पडला तर रंग हाताला लागतो, जास्त झाला तर पडदा गुंडाळताना पापुद्रे सुटतात. हा रंग ओला असताना गडद आणि वाळल्यावर फिका दिसतो. म्हणजे चित्रकाराला उद्याचा रंग आज डोळ्यासमोर आणावा लागायचा. शिवाय ते चित्र बघितलं जाणार दिव्यांच्या उजेडात, शेवटच्या रांगेतून. जवळून बटबटीत वाटणारा फटकारा तिथून झाडाची सावली व्हायचा.

पुढे नेपथ्य बदललं, भिंती-दारांचे सेट आले आणि रंगवलेले पडदे गुंडाळले गेले ते गेलेच. रंगमंचावरून उतरलेलं चित्र आता इथं, बाहेर, भिंतीवर भेटतं.

(दृश्य: प्रदर्शनाची मांडणी. शिडी, नायलॉनचा दोरा, फ्रेमा.)

प्रदर्शन लावण्याची सकाळची ही धांदल बघा. हे चित्रकार कोणी नामवंत नाहीत. यांतले बरेच जण नोकरी सांभाळून रविवारी रंगपेटी घेऊन बाहेर पडणारे. ओंकारेश्वराचा घाट, मंडई, कसब्यातला वाडा, पावसात भिजलेला लक्ष्मी रस्ता. फ्रेमा आधी भिंतीशी टेकवून ठेवतात. कोणतं चित्र कोणाच्या शेजारी, यावर थोडा वाद होतो. निळं पावसाळी चित्र उन्हाच्या चित्राला मारतं, म्हणून त्याला कोपऱ्यात हलवतात. मग दोरा, हुक, पट्टी. चित्राचा मध्य उभ्या माणसाच्या डोळ्याच्या रेषेत. एक जण लांब जाऊन सांगतो, डावीकडून किंचित वर. पुन्हा खाली. पुन्हा वर.

(दृश्य: जमिनीवर रांगोळी. हातांची जवळून दृश्यं.)

आणि ही रांगोळी. पुण्यातल्या प्रदर्शनांत व्यक्तिचित्राच्या रांगोळीला स्वतःचा चाहता वर्ग आहे, आणि तो तिच्या लायकीचा आहे. बारीक रांगोळीत रंग मिसळायचा, चाळायचा, पुन्हा चाळायचा. छायाचित्रावर चौकटी, तशाच जमिनीवर मोठ्या चौकटी. आधी सपाट थर, मग छटा. पंखे बंद, घाम येऊ द्या. कपाळाचा उजेड, गालाची सावली, शेवटी डोळ्यातला पांढरा ठिपका. हे सगळं अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून. चिमूट जरा सैल सुटली तर खोडरबर नाही. त्यावर नवा थर द्यायचा आणि पुढे जायचं. बोटांमधून रांगोळी सुटते आहे ते नीट बघा. एवढी सावकाश, एवढी बारीक धार सोडायला वर्षं जातात. प्रदर्शन संपलं की झाडूने सगळं गोळा करतात.

(दृश्य: संध्याकाळ. नाटकाची गर्दी, मध्यंतर.)

आता गर्दी आली. मध्यंतर आहे. हातात बटाटेवडा, एका हाताने मुलाला धरलेलं, आणि नजर भिंतीवर. आर्ट गॅलरीच्या काचेच्या दारापाशी बिचकणारी ही माणसं आहेत. आपल्याला त्यातलं काय कळतंय, असं म्हणून ती आत शिरत नाहीत. इथं शिरायचा प्रश्नच नाही, ती आधीच आत आहेत. हे आजोबा बोट दाखवून बायकोला वाड्याचा दिंडीदरवाजा दाखवताहेत. ओळख पटली की माणूस थांबतो. थांबला की रंगाकडे बघतो, मग कागदाचा पोत विचारतो, मग किंमत. स्थानिक चित्रकाराला पहिला गिऱ्हाईक असा मिळतो आणि पहिला टीकाकारही. चित्र विकलं नाही तरी अनोळखी माणसाने त्यापुढे घालवलेली दोन मिनिटं त्याला दुसरीकडे कुठे मिळणार?

तिसरी घंटा होते आणि दालन मोकळं होतं.

(दृश्य: दर्शनी बाजू, वाहनांची रांग.)

रंगमंदिराच्या पुनर्विकासाची चर्चा काही वर्षं सुरू आहे. त्यावर कलावंतांत बाजूने आणि विरोधात मतं आहेत.

(दृश्य: कलादालनाच्या भिंती, दिवे.)

इमारत जुनी राहो वा नवी होवो, आमचं मागणं भिंतीबद्दल आहे. चित्रांची जागा प्रेक्षागृहाच्या वाटेवर असावी, वेगळ्या मजल्यावरच्या बंद दारामागे नको. भिंतीवर चमक न मारणारा उजेड असावा, चित्र टांगायला पक्की पट्टी असावी, भाडं पहिल्यांदा प्रदर्शन लावणाऱ्याला झेपावं. रांगोळीसाठी वारा न येणारी, येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय न पडणारी जमीन असावी. आणि देऊसकरांची दोन्ही चित्रं समोरासमोरच्या नजरेत, शिरताना दिसतील अशीच राहावीत. नाट्यगृहाच्या आराखड्यात खुर्च्या, वाहनतळ, उपाहारगृह यांची मापं लिहिलेली असतात. त्याच कागदावर या भिंतीची लांबी-उंचीही लिहा.