पापणी कुणाचं ऐकते?

आधी एक करून बघा. डोळे अलगद मिटा, झोप येताना मिटतात तसे. उघडा. आता साबण गेल्यासारखे घट्ट मिटा. पहिल्या खेपेला मेंदूने मुख्यतः एक स्नायू सैल सोडला. दुसऱ्या खेपेला वेगळाच स्नायू आवळला.

जागेपणी पापणी वर धरून ठेवणारा एक स्नायू दिवसभर राबत असतो. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या आहेत, त्यांतल्या तिसऱ्या नसेतून त्याला हुकूम येतो. मिटणारा स्नायू डोळ्याभोवती कड्यासारखा बसलेला आहे, आणि त्याची नस सातवी, म्हणजे चेहऱ्याची. पापणी लवते तेव्हा क्रम ठरलेला असतो: आधी वर धरणारा गप्प होतो, मग काही सहस्रांश सेकंदांत कडं आवळतं. गाठ सोडल्याशिवाय दोरी ओढायची नाही, एवढी अक्कल मेंदूला आहे.

आता या कड्याला हुकूम कोण देतं? इथेच खरी गंमत आहे, कारण याचे मालक बरेच आहेत.

सगळ्यात घाईचा मालक मेंदूच्या देठात बसतो. भुवईवरच्या नसेला विजेचा हलका झटका दिला, की साधारण १० सहस्रांश सेकंदांत त्याच बाजूचा स्नायू किंचित दचकतो. मग ३०च्या आसपास दोन्ही बाजूंचे आवळतात. पापणी खरी मिटते ती या दुसऱ्या खेपेला. खबर पाचव्या नसेने, म्हणजे चेहऱ्याच्या स्पर्शाच्या नसेने जाते, हुकूम सातवीने येतो, विचार करणाऱ्या मेंदूला कुणी विचारत नाही. कचरा एका डोळ्यात जातो आणि मिटतात दोन्ही, ते यामुळेच.

दुसरा मालक कारण नसताना लवायला लावतो. मिनिटाला साधारण पंधरा वेळा. डोळा ओला ठेवायला एवढं लागत नाही. तान्हं मूल मिनिटाला दोन-चार वेळाच पापणी लववतं आणि त्याचे डोळे छान ओले असतात. वाचताना, स्क्रीनकडे बघताना हा आकडा उतरतो. या लयीत डोपामीन या मेंदूतल्या रसायनाचा हात आहे. पार्किन्सन या आजारात ते कमी पडतं, आणि रुग्णाची नजर टक लावल्यासारखी वाटते, कारण त्याची पापणी फार कमी लवते.

तिसरा मालक आपली इच्छा. तिची तार मेंदूच्या वरच्या थरातून येते, आणि चेहऱ्याच्या वरच्या भागाला दोन्ही अर्ध्यांतून तारा मिळतात. म्हणून पक्षाघातात तोंड वाकडं होतं, पण त्या बाजूचा डोळा बहुतेक वेळा मिटतो. उलट सातवी नसच सुजली, लोक ज्याला 'तोंडावरून वारं गेलं' म्हणतात, तर कपाळाला आठी पडत नाही आणि डोळाही मिटत नाही. अशा रुग्णाला मिटायला सांगा आणि नीट बघा. पापणी थोडी खाली येते, कारण वर धरणाऱ्याने हात सोडलेला असतो. पण ओढणारा कुणी नसतो. बुबुळ वर सरकतं आणि फटीतून पांढरं दिसत राहतं. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो. बुबुळाचं हे सरकणं निरोगी माणसातही होतं, फक्त मिटल्या पापणीआड दिसत नाही. तोंडावरून वारं जाण्याच्या या आजाराला स्कॉटिश डॉक्टर चार्ल्स बेलचं नाव आहे.

हसू हा आणखी एक मालक. फ्रेंच डॉक्टर दुशेनने १८६२ साली लिहिलं, की ओठ हुकमाने हसतात, डोळ्याभोवतालचा स्नायू खऱ्या आनंदानेच हलतो. मला यात थोडी अतिशयोक्ती वाटते. कसलेले नट तेही करून दाखवतात.

ब्लेफरोस्पॅझम नावाचा एक आजार आहे, त्यात हे कडं आपोआप आवळत राहतं. नजर शाबूत, पण डोळे उघडतच नाहीत. रस्ता ओलांडणंही जिवावर येतं. पूर्वी अशा लोकांना मनोरुग्ण ठरवत. बिघाड मेंदूच्या खोल भागातल्या पेशींच्या पुंजक्यांशी जोडलेला आहे, असं आज मानतात. बोट्युलिनम विषाचं इंजेक्शन नसेच्या टोकाचा निरोप अडवतं. अमेरिकेत १९८९ साली त्याला मान्यता मिळाली. गुण साधारण तीन महिने राहतो, मग पुन्हा टोचावं लागतं.

तपासताना मी अशा प्रत्येकाला विचारतो, ''बोट कुठं ठेवता?'' बरेच जण चकित होतात, कारण ही युक्ती त्यांनी कुणाला सांगितलेली नसते. मग ते कानशिलावर किंवा भुवईच्या टोकाला बोट टेकवतात. दाबत नाहीत, नुसतं टेकवतात. आणि डोळे उघडतात.